हॅना-बार्बेराचा बाजार का उठला?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल आली, त्या पिढीचा एक ठरलेला प्रश्न असतो. स्कूबी-डू, फ्लिंटस्टोन्स, जेट्सन्स, टॉप कॅट, योगी बेअर, स्वॅट कॅट्स, या सगळ्यांच्या शेवटी जी पाटी यायची ती हॅना-बार्बेरा कंपनी गेली कुठे? आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न: पात्रं धावताना मागे तेच दार, तोच दिवा, तेच झाड फिरून फिरून यायचं, असलं स्वस्तातलं काम केलं म्हणूनच बुडाली ना? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्वस्त कामामुळे ती बुडाली नाही. स्वस्त कामावर तर ती १९५७ पासून २००१ पर्यंत, चव्वेचाळीस वर्षं जगली. तिला खाल्लं ते तिच्याच जुन्या कामाने.

सुरुवात एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीपासून करावी लागते. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे टॉम अँड जेरीचे जनक. १९४० ते १९५८ या काळात त्यांचे ११४ लघुपट प्रदर्शित झाले आणि सात ऑस्कर मिळाले. म्हणजे वर्षाला सरासरी सहा लघुपट, एकेक सात मिनिटांच्या आसपास. या जोडीच्या अख्ख्या गटाची वर्षभराची कमाई पडद्यावर जेमतेम पाऊण तास. १९५७ साली एमजीएमच्या हिशेबनिसांच्या लक्षात आलं की जुनी टॉम अँड जेरी पुन्हा थिएटरांत लावली, तरी नव्याच्या जवळपास तेवढेच पैसे येतात. मग नवी करायचीच कशाला? कार्टून विभागाला टाळं लागलं. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण तीसेक वर्षांनी तोच परत येतो.

त्याच वर्षी जुलैत दोघांनी दिग्दर्शक जॉर्ज सिडनी यांना भागीदार घेऊन आपलं दुकान थाटलं. कोलंबिया पिक्चर्सच्या स्क्रीन जेम्स या टीव्ही शाखेने वितरण आणि पैसा दोन्ही पुरवलं. पण पैसा किती? एमजीएममध्ये सात मिनिटांच्या एका लघुपटाला चाळीस हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहून जास्त खर्च यायचा. इथे पाच मिनिटांच्या ‘रफ अँड रेडी’ला मिळाले सुमारे २,७०० डॉलर. एवढ्या पैशात टॉम अँड जेरी होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणून कामाची पद्धतच बदलावी लागली, आणि तीच या स्टुडिओची खरी कमाई.

ही पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते. सात मिनिटं म्हणजे १०,०८० फ्रेम. एकेक चित्र दोन फ्रेम धरलं, धंद्याच्या भाषेत ‘टूज’वर काढलं, तरी एका पात्राची ५,०४० चित्रं होतात. पडद्यावर दोन पात्रं सतत असली की दुप्पट. शिवाय प्रत्येक चित्र कागदावरून सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक पानावर, शाईने गिरवायचं, मागच्या बाजूने रंगवायचं, वाळवायचं, पुसायचं आणि कॅमेऱ्याखाली ठेवायचं. खरा पैसा या हातांवर जातो. तेव्हा बचत करायची ती हातांत नवीन सेल कमी देऊन.

योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे, याचं उत्तर इथे मिळतं. अंगावर धड कपडे नाहीत, पण टाय मात्र आहे. कारण धड एका सेलवर आणि डोकं दुसऱ्या सेलवर ठेवायचं, तर दोन्हींचा जोड कुठेतरी लपवायला हवा. तो कॉलरखाली लपतो. योगी चार सेकंद बोलतोय असं धरा. म्हणजे ९६ फ्रेम. पूर्ण अ‍ॅनिमेशनमध्ये टूजवर ४८ चित्रं. इथे धडाचं एक, डोक्याचं एक, तोंडाचे आठ आकार, पापण्यांची दोन, एकूण बारा. आणि हे बारा सेल पुढच्या भागातही चालतात, म्हणून क्रमांक टाकून फाइलला लावून ठेवायचे. योगीच्या थोबाडाचा भाग वेगळ्या रंगाचा असतो, तोही उगाच नाही. तोंड हलताना तेवढाच तुकडा बदलला की भागतं, बाकीचा चेहरा जागेवर. फ्रेड फ्लिंटस्टोनच्या खुंट वाढलेल्या दाढीच्या पट्ट्याचा उपयोगही तोच.

संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात, चित्र नंतर. संकलक ध्वनिपट्टी फ्रेमगणिक ऐकून कोणता उच्चार कुठे पडतो ते एक्स्पोजर शीटवर लिहितो. ही शीट म्हणजे उभा तक्ता. प्रत्येक ओळ एक फ्रेम आणि प्रत्येक रकाना सेलचा एक थर. म, ब, प आले की बंद ओठांचा आकार; फ, व आले की खालच्या ओठावर दात; ओ, उ आले की गोल. अ‍ॅनिमेटर समोरच्या रकान्यात तोंडाचा क्रमांक टाकत जातो. नवशिक्याची चूक इथे ठरलेली असते. तो आकार बरोबर ध्वनीच्या फ्रेमवर ठेवतो आणि पडद्यावर तोंड मागून हलल्यासारखं वाटतं. आकार ध्वनीच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवला, तरच डोळ्याला तो एकत्र भासतो. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक अक्षराला तोंड हलवणं. मग पात्र बोलत नाही, नुसतं चावत बसतं. शब्दातला जोर कुठे आहे ते पकडून बाकीचं गिळायचं असतं.

आता त्या फिरून येणाऱ्या दिव्याकडे येऊ. कॅमेऱ्याखालची चौकट बारा इंच रुंद धरली, तर बॅकग्राउंड छत्तीस इंचांचं काढायचं आणि त्याचे शेवटचे बारा इंच हुबेहूब पहिल्या बारा इंचांसारखे. पट्टी दर फ्रेमला पाव इंच सरकवली की २४ इंच ९६ फ्रेममध्ये, म्हणजे चार सेकंदांत संपतात. मग पट्टी गुपचूप सुरुवातीला आणायची, डोळ्याला सांधा कळत नाही. धावण्याची आठ चित्रं टूजवर धरली तर सोळा फ्रेमचं एक चक्र, ९६ फ्रेममध्ये बरोबर सहा चक्रं. हिशेब असा जुळवला की पाठलाग चार सेकंद चालवा नाहीतर चाळीस, नवीन चित्र शून्य. घोळ होतो तो पायांचा. मागची पट्टी दर फ्रेमला सरकते आणि पाय दोन फ्रेमला बदलतात, त्यामुळे पाय जमिनीवर घसरल्यासारखे दिसतात. त्यावर हॅना-बार्बेराचा उपाय म्हणजे पायांऐवजी चक्राकार रेघांचा भोवरा काढायचा, किंवा चौकट कमरेच्या वर कापायची. तो भोवरा आपल्याला विनोद वाटायचा. होताही. पण आधी ती डागडुजी होती.

सेलचे थर किती लावायचे यालाही मर्यादा असते. सेल पारदर्शक म्हणत असले तरी प्रत्येक थर खालच्या रंगावर किंचित काजळी धरतो. म्हणून तळाच्या थरावरचं पात्र थोड्या उजळ छटेत रंगवायचं, वर येईल तसा रंग मूळ छटेवर आणायचा. एकाच पात्राच्या एकाच तपकिरी कोटाच्या तीन-चार बाटल्या असतात आणि त्यांवर थराचा क्रमांक असतो. थर अदलाबदल झाले की हात धडापेक्षा वेगळ्या रंगाचा दिसू लागतो. हे पुढे आपल्याला लागणार आहे.

चित्र इतकं थांबलेलं असलं की सगळं ओझं आवाजावर आणि लिखाणावर पडतं. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनचे नामवंत दिग्दर्शक चक जोन्स यांनी या प्रकाराला ‘सचित्र रेडिओ’ म्हणून हिणवलं. हिणवलं ते खरं, पण सुरुवातीच्या काळात तो रेडिओ उत्तम होता. डॉज बटलर आणि डॉन मेसिक यांच्यासारखे आवाज, वॉर्नर ब्रदर्सकडून आलेले मायकल माल्टीज आणि वॉरन फॉस्टर यांच्यासारखे लेखक, एड बेनेडिक्ट यांची जाड रेघेची ठाशीव पात्रं, हॉइट कर्टिन यांचं संगीत. १९५८ च्या ‘हकलबेरी हाउंड’ला एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं, आणि हा मान मिळवणारी ती पहिली अ‍ॅनिमेटेड मालिका. ३० सप्टेंबर १९६० ला एबीसीवर रात्रीच्या मुख्य वेळेत ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झाली. सहा मोसमांत १६६ भाग, म्हणजे मोसमाला सत्तावीस-अठ्ठावीस अर्ध्या तासांचे भाग. एमजीएममध्ये हीच दोन माणसं वर्षाला पाऊण तासाचं काम करत होती. १९६४ ची ‘जॉनी क्वेस्ट’ तर मर्यादित, म्हणजे अशा कमी चित्रांच्या, अ‍ॅनिमेशनमध्ये काय करता येतं याचा नमुना म्हणून आजही बघावी. सावल्यांचे मोठे पट्टे, चित्रकथेसारख्या चौकटी, थांबलेल्या चित्रातही दम. ती २६ भागांतच आटोपली, कारण परवडेना.

मग नेमकं बिनसलं कुठे? माझ्या मते डिसेंबर १९६६ मध्ये. तेव्हा स्टुडिओ टाफ्ट ब्रॉडकास्टिंग या टीव्ही-रेडिओ केंद्रांच्या कंपनीला १ कोटी २० लाख डॉलरला विकायचं ठरलं. हॅना आणि बार्बेरा दोघेही प्रमुख म्हणून राहिले, कामात उणं पडलं नाही, त्यामुळे बाहेरून काही बदललं असं वाटलं नाही. पण योगी, फ्रेड, टॉप कॅट आता त्यांचे नव्हते. पात्रांचं भाडं, खेळण्यांचे हक्क, पुनर्प्रक्षेपणाचे पैसे मालकाकडे जाणार. स्टुडिओकडे उरलं ते दरवर्षी नवीन माल पाडायचं काम.

आणि तो माल घेणारी गिऱ्हाइकं होती तीनच, अमेरिकेतली देशव्यापी टीव्ही नेटवर्क: सीबीएस, एनबीसी, एबीसी. अमेरिकेत शनिवारची सकाळ म्हणजे मुलांची वेळ. तिथल्या कामाचं वेळापत्रक माणूस मोडणारं होतं. मार्च-एप्रिलच्या सुमारास नेटवर्क मालिका पक्क्या करणार आणि सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी त्या पडद्यावर हव्यात. एका मालिकेचे तेरा ते सतरा भाग मागवले जात. वर्षभर तेच आलटूनपालटून दाखवायचे. भागाची निव्वळ लांबी २२ मिनिटं धरली, तर ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या हिशेबाने, मिनिटाला ९० फूट, १,९८० फूट होतात. अशा सात-आठ मालिका एकाच उन्हाळ्यात. मे ते सप्टेंबर माणसं पुरत नाहीत आणि डिसेंबर उजाडला की त्याच माणसांना घरी बसवायचं. दरवर्षी माणसं गोळा करणाऱ्या आणि दरवर्षी पांगवणाऱ्या जागेत कारागिरी मुरत नाही.

हिंसेविरुद्धचा ओरडाही याच काळातला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर नेटवर्कने मारधाडीची कार्टून काढून टाकायला सुरुवात केली. ‘स्पेस घोस्ट’सारख्या मालिकांची जागा रिकामी झाली, आणि त्या पोकळीत १३ सप्टेंबर १९६९ ला सीबीएसवर स्कूबी-डू आला. फ्रेड सिल्व्हरमन हे तिथल्या दिवसाच्या कार्यक्रमांचे प्रमुख, जो रूबी आणि केन स्पिअर्स लेखक, आणि कुत्रा काढला इवाओ ताकामोटो यांनी. ग्रेट डेन जातीचे कुत्रे पाळणाऱ्या एका सहकारी बाईंकडून त्यांनी चांगल्या ग्रेट डेनची लक्षणं समजून घेतली: सरळ पाठ, सरळ पाय, आवळ हनुवटी. मग नेमकं उलटं काढलं. पाठ उतरती, पाय बाकदार, हनुवटी लोंबती. म्हणून स्कूबी उभा राहिला तरी हसू येतं. त्याला हलवायची गरज पडत नाही, आणि मर्यादित अ‍ॅनिमेशनला नेमकं हेच हवं असतं.

स्कूबीचं यश मात्र अंगावर आलं. तीन गिऱ्हाइकांपैकी एकाकडे जे चाललं तेच बाकीच्या दोघांनाही हवं. मग तोच साचा: चार तरुण पोरं, एक बोलणारा प्राणी किंवा वस्तू, एक भुताटकी, शेवटी मुखवटा. ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’ १९७० मध्ये, ‘फंकी फँटम’ १९७१ मध्ये, ‘स्पीड बगी’ आणि ‘गूबर अँड द घोस्ट चेसर्स’ १९७३ मध्ये, ड्रम वाजवणारा शार्क ‘जबरजॉ’ १९७६ मध्ये, ‘कॅप्टन केव्हमन’ १९७७ मध्ये. त्याच वर्षी ‘लाफ-अ-लिंपिक्स’मध्ये सगळी जुनी पात्रं एका मैदानात आणून शिळ्या कढीला ऊत दिला. नवं पात्र घडवून ते रुजवायला लागणारा वेळ उन्हाळ्याच्या वेळापत्रकात नव्हताच. रूबी आणि स्पिअर्स बाहेर पडले आणि १९७७ मध्ये त्यांनी आपला स्टुडिओ काढला. सत्तरच्या दशकातल्या मालिका आज सलग दोन भाग बघवत नाहीत, हे मान्य करायला हरकत नसावी.

इतकं काम लॉस एंजेलिसमध्ये मावत नव्हतं म्हणून ते बाहेर जाऊ लागलं. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात शाखा निघाली. १९७८ मध्ये जेम्स वांग यांनी तैपेईत ‘कुकूज नेस्ट’ स्टुडिओ उभा केला, त्यात हॅना-बार्बेराचा हात होता. पुढे मनिलात फिल-कार्टून्स. बाहेर पाठवायची रीत अशी असते: कथा, ध्वनी, स्टोरीबोर्ड (प्रसंगांची ओळीने काढलेली चित्रं), लेआउट (चौकटीची मांडणी), पात्रांचे नमुनापट आणि भरलेल्या एक्स्पोजर शीट इथे करायच्या, खोक्यांत भरून पाठवायच्या. तिकडे मधली चित्रं, शाई, रंग, कॅमेरा. चित्रित फिल्म परत आली की इथे संकलन. यात सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे रीटेक, चुकलेला तुकडा परत करून घेणं. चूक सापडते ती फिल्म परत आल्यावर, आणि तोवर प्रक्षेपणाला दिवस थोडे उरलेले. म्हणून चूक दिसली तरी पुष्कळदा तशीच जायची. ‘सुपर फ्रेंड्स’मध्ये एखाद्याच्या अंगावर दुसऱ्याचे रंग, एकाचा आवाज आणि दुसऱ्याचं तोंड, छातीवरचं चिन्ह गायब, असे घोटाळे इतके आहेत की चाहत्यांनी त्यांच्या याद्या केल्या आहेत. तोंडाचा क्रमांक एक रकाना चुकून शेजारी लिहिला गेला की भलतंच पात्र बोलू लागतं. रंगाच्या बाटलीवरचा थर चुकला की हात वेगळा दिसतो. तैपेईतल्या चित्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही. मधलं तपासणीचं टेबलच वेळापत्रकाने खाल्लेलं होतं.

लॉस एंजेलिसच्या कामगार संघटनेने, लोकल ८३९ ने, याविरुद्ध दोनदा संप केला. १९७९ चा जिंकला. इथले लोक बेकार असतील तोवर काम बाहेर पाठवायचं नाही, असं कलम मिळालं. १९८२ चा दहा आठवडे चालला आणि हरला. कलम गेलं, आणि काम पुन्हा मोकळेपणी बाहेर जाऊ लागलं. मधल्या काळात कॉर्नेल विद्यापीठातून आलेल्या मार्क लिव्हॉय यांच्या मदतीने संगणकावर रंगकाम करायची व्यवस्था याच स्टुडिओने उभी केली होती. ती ऐंशीच्या दशकात वापरातही आली, इतरांच्या कितीतरी आधी. म्हणजे हे लोक जुनाट होते असंही नाही.

उलट दाखला हवा तर फिल्मेशन बघा. आपल्याकडे दूरदर्शनवर आलेलं ‘ही-मॅन’ त्यांचं. त्यांनी चित्रकाम अमेरिकेतच ठेवलं आणि त्याची जाहिरातही केली. फेब्रुवारी १९८९ मध्ये मालक बदलले आणि स्टुडिओ बंद. काम बाहेर पाठवल्याने हॅना-बार्बेरा संपली म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

ऐंशीच्या दशकात पायाखालची जमीन सरकली ती गिऱ्हाइकाच्या बाजूने. १९८१ मध्ये एनबीसीवर ‘स्मर्फ्स’ आली आणि धो धो चालली, १९८९ पर्यंत. पण स्मर्फ बेल्जियन चित्रकार पेयो यांचे. ‘पॅक-मॅन’ व्हिडिओ गेमवाल्यांचा, ‘सुपर फ्रेंड्स’ डीसी कॉमिक्सचे. म्हणजे चालणाऱ्या मालिकाही दुसऱ्यांच्या मालकीच्या. तेवढ्यात नेटवर्कला वळसा घालून स्थानिक वाहिन्यांना थेट भाग विकण्याचा धंदा फोफावला. सोमवार ते शुक्रवार, तेरा आठवडे, म्हणून ६५ भागांचा एक गठ्ठा. वर्षात चारदा फिरवला की ५२ आठवडे भरले. खेळणी कंपन्या अशा गठ्ठ्यांचा खर्च उचलू लागल्या, कारण त्यांच्या लेखी मालिका ही जाहिरातच. हॅना-बार्बेरानेही १९८४ मध्ये टोन्का कंपनीच्या खेळण्यांवर ‘गोबॉट्स’ केली. तिची गाठ पडली ‘ट्रान्सफॉर्मर्स’शी. कोण टिकलं ते सांगायला नको.

आणि १९८५ मध्ये डिस्नेने टीव्हीसाठी ‘गमी बेअर्स’ काढली, १९८७ मध्ये पहिल्याच मोसमात ६५ भागांची ‘डकटेल्स’. कथेवर वेळ, रेघेवर मेहनत, भागामागे खर्चही भरपूर. कारण पात्रं डिस्नेची, खेळणी डिस्नेची, उद्यानं डिस्नेची. एका भागावर घातलेला डॉलर चार दारांनी परत येणार. हॅना-बार्बेराच्या कारागिराला तेवढा खर्च करून दाखवायची मुभाच नव्हती, कारण परतावा टाफ्टच्या खात्यात. तिथून मग सुचलं ते जुन्याच पात्रांना लहान करणं: ‘फ्लिंटस्टोन किड्स’ १९८६ मध्ये, ‘अ पप नेम्ड स्कूबी-डू’ १९८८ मध्ये. हा दुसरा प्रकार बरा जमला होता. पण तो जमवणारे टॉम रूगर पुढे वॉर्नरमध्ये गेले आणि ‘टायनी टून्स’, ‘अ‍ॅनिमेनियाक्स’ तिकडे झाल्या. १९९१ च्या ‘यो योगी!’मध्ये योगीला किशोरवयीन करून शॉपिंग मॉलमध्ये फिरवलं. त्यावर न बोललेलं बरं.

१९८७ मध्ये टाफ्टचा ताबा उद्योगपती कार्ल लिंडनर यांच्याकडे गेला, कंपनीचं नाव ग्रेट अमेरिकन झालं, आणि डोक्यावर कर्ज मोठं. कर्ज फेडायला विकता येईल असं काय आहे? जुन्या मालिकांचं भांडार. १९९१ मध्ये केबल वाहिन्यांचे मालक टेड टर्नर यांच्या कंपनीने अपोलो या गुंतवणूक कंपनीच्या साथीने ते ३२ कोटी डॉलरला घेतलं. पंचवीस वर्षांपूर्वी हाच स्टुडिओ १ कोटी २० लाखांना गेला होता. महागाईचा हिशेब धरला तरी ही वाढ नव्या कामाची नव्हती. ती जुन्या फिल्मच्या डब्यांची किंमत होती. टर्नरकडे एमजीएमचा संग्रह १९८६ पासून होताच, म्हणजे टॉम अँड जेरीही आले. १ ऑक्टोबर १९९२ ला कार्टून नेटवर्क सुरू झालं, आणि सुरुवातीला जवळजवळ सगळं जुनंच दाखवत होतं. भारतात ते १९९५ मध्ये आलं. दिवसा कार्टून, रात्री त्याच वाहिनीवर टीएनटीचे इंग्रजी चित्रपट. आपल्याला जे ताजं वाटत होतं ते तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं होतं. बालपणी आपण हॅना-बार्बेराचा सुवर्णकाळ बघत नव्हतो, तिचं गोदाम बघत होतो.

गोदाम चोवीस तास वाहिनी चालवू शकतं. १९५७ चा एमजीएमचा हिशेब तो हाच: जुनं नव्याइतकंच कमावतं. फरक इतकाच की या वेळी कुणी एका दिवसात टाळं लावलं नाही. जुन्या गिऱ्हाइकांची वाट मात्र बंद होत गेली. एनबीसीने १९९२ मध्ये शनिवारची कार्टून काढून टाकली. मुलांसाठी आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांचा नियम आला, केबल वाढली, आणि शनिवारची सकाळ हळूहळू रिकामी झाली.

शेवटची उसळी मात्र झकास होती. १९९२ मध्ये फ्रेड सायबर्ट स्टुडिओचे प्रमुख झाले. १९९३ मध्ये ट्रेम्बले बंधूंची ‘स्वॅट कॅट्स’ आली, जिचे चाहते आपल्याकडे अजून भांडतात. १९९५ पासून ‘व्हॉट अ कार्टून!’ या नावाखाली ४८ लघुपट निघाले. रीत जुन्या थिएटर लघुपटांची: सात मिनिटं, एक दिग्दर्शक, आणि टंकलेखित संहितेपेक्षा स्टोरीबोर्डवर भर. त्यातून ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’, ‘जॉनी ब्राव्हो’, ‘काउ अँड चिकन’ आणि ‘पॉवरपफ गर्ल्स’ निघाल्या. गेंडी टार्टाकोव्हस्की आणि क्रेग मॅक्रॅकन तेव्हा विशीतले. डेक्स्टरकडे नीट बघा. जाड रेघ, सपाट रंग, कमी हालचाल, आणि हालचाल झालीच तर झटक्याने. हीच एड बेनेडिक्ट यांची शाळा, फक्त आता ती गरजेतून नाही तर आवडीतून आलेली. पद्धत मेली नाही असं म्हणतो ते यासाठी.

ऑक्टोबर १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. वॉर्नरकडे ‘बॅटमॅन’ करणारा स्वतःचा टीव्ही अ‍ॅनिमेशन विभाग होता. एका घरात दोन चुली कोण ठेवतो? १९९८ मध्ये काहुएंगा बुलेव्हार्डवरची १९६३ पासूनची इमारत सोडून मंडळी शर्मन ओक्सला वॉर्नरच्या शेजारी गेली. नव्या मालिका करणारा गट २००० मध्ये कार्टून नेटवर्क स्टुडिओज म्हणून बरबँकला वेगळा झाला. जुनी पात्रं वॉर्नर ब्रदर्स अ‍ॅनिमेशनकडे राहिली. २२ मार्च २००१ ला विल्यम हॅना गेले आणि त्याच वर्षी स्टुडिओचं वेगळं अस्तित्व संपलं. बार्बेरा २००६ पर्यंत होते.

ही विभागणी पाटीवरून ओळखता येते. ‘पॉवरपफ गर्ल्स’चे सुरुवातीचे भाग शेवटपर्यंत बघितले तर हॅना-बार्बेराचं नाव दिसेल, नंतरच्या भागांत त्या जागी कार्टून नेटवर्क स्टुडिओज येतं. स्कूबीचं अलीकडचं काहीही घ्या. निर्मिती वॉर्नर ब्रदर्स अ‍ॅनिमेशनची, पण बारीक अक्षरांतल्या हक्काच्या ओळीत मालक म्हणून अजून ‘हॅना-बार्बेरा’ लिहिलेलं असतं. कॅनव्हास बॅगवर किंवा टी-शर्टच्या लेबलवर ती ओळ दिसली, तर तो बहुधा परवाना घेऊन केलेला माल समजायचा.